आल्बिनाचे पांढरे मोजे

"हात वर!" जॉन दारातूनच ओरडला.

आल्बिनाने हात वर केले. एका हातात सुती पांढरा हातमोजा होता, दुसऱ्या हाताचा मोजा दातांत. पुढ्यात मैद्याचं भलंमोठं पातेलं.

"नुसती बघत होते," दातांतला मोजा काढून ती म्हणाली.

"मोजे काढून बघतात?"

पुतणी टिफनीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. पापडी गावात लग्न म्हटलं की तळलेले फुगे आलेच. अंडी, नारळाचं दूध नि माडी घातलेलं पीठ तळहाताने आपटून आपटून हलकं करायचं, मग मुठीतून पिळून गोळे उकळत्या तेलात सोडायचे. निम्म्या गावाच्या लग्नाचं पीठ आल्बिनाच्या हाताने फुगलं होतं. काही लग्नांपेक्षा फुगेच जास्त टिकले, असं जॉनचं मत.

पण आता आल्बिनाला केमोच्या गोळ्या चालू होत्या. नर्स नताशाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आँटी, या गोळ्या तळहात-तळपायांवर राग काढतात. घासायचं नाही, गरम पाण्यात हात नाही, घट्ट चप्पल नाही. युरियाचं मलम रोज लावायचं. लाल झालं, चुरचुरलं की लगेच फोन. सोसत बसलात आणि सालं निघाली, तर डॉक्टर गोळ्याच थांबवतील."

"युरिया?" जॉन चमकला होता. "आमच्या केळीला घालतो तो?"

"तोच. पण ट्यूबमधला हां अंकल, पोत्यातला नाही."

तेव्हापासून बँकेत जन्मभर शिक्के मारलेला जॉन भांडी घासू लागला. बायकोच्या तळव्यांना मलम लावताना तो रोझरीची माळ जपल्यासारखं पुटपुटे, "चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं."

आता त्याने बाह्या वर केल्या. "सरक. पीठ मी मारतो."

"पुरुषाच्या हातचे फुगे!" नणंद इनेझ खिदळली. "फादर लग्न तरी लावतील का गं?"

आल्बिना खुर्चीत बसली. पांढरे मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून, थेट बिशपसारखी.

"आपटा! कुरवाळताय काय?"

"आपटतोच आहे."

"शिक्का मारताय असं समजा."

मग मात्र पातेलं हादरलं.

दुपारी पहिला घाणा निघाला. एकाला शेपूट, दुसऱ्याला नाक. आल्बिनाने एक निवू दिला, फोडला, उजेडात धरला. जॉन निकालाला उभा.

"जाळी पडलीय," ती म्हणाली. तिच्या तोंडी याहून मोठी स्तुती गावाने ऐकली नव्हती. इनेझने मुकाट्याने तीन खाल्ले.

संध्याकाळी जॉन हात पाठीमागे धरून फिरताना दिसला.

"दाखवा."

"काही नाही गं."

"सोसत बसायचं नाही."

त्याने हात पुढे केले. लालबुंद तळवे. आल्बिनाने एक मोजा उतरवला, ट्यूब पिळली आणि बोटाच्या टोकाने त्याच्या तळव्यावर मलम टेकवलं. चोळलं नाही. तिचा स्वतःचा तळवा जरा कोरडा, जरा गुलाबी, पण रेषा जिथल्या तिथे होत्या.

"उद्या भांडी?" जॉनने विचारलं.

"इनेझ घासेल," ती म्हणाली आणि दुसरा हात मागितला.