माझ्यातून गळलेलं ऊन

मी एक टोपी बोलतेय. रुंद काठाची, गवताची. मला बोलायचा हक्क आहे का, कोण जाणे. पण या घरात सध्या मान खाली घालून वावरणारी दोघं आहेत. एक सर, दुसरी मी.

सर म्हणजे चाळीस वर्षं कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दुकानदार म्हणाला, "ही घ्या, हवा खेळती राहते." सरांनी लगेच मान डोलावली. जाणकाराच्या हाती पडले म्हणून मी सुखावले.

मला आणलं होतं त्यांच्या पत्नीसाठी. बाईंच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग होते. तीस वर्षं घरातला प्रत्येक फोटो त्यांनीच काढला. काढणारा फोटोत येत नाही ना! आता परदेशातली मुलगी येणार होती आणि बाईंना एकदा तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. म्हणून त्यांनी लेसर करून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "खपल्या ओढायच्या नाहीत. दर दोन तासांनी सनस्क्रीन. आणि ऊन अजिबात नको."

खपल्या आपोआप गळल्या. खालची त्वचा गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. तिच्यावर सनस्क्रीन चुरचुरायचं.

"मग राहू दे थोडे दिवस," सर म्हणाले. "टोपी आहे ना!"

बाई रोज मला घालून गच्चीवर कुंड्यांपाशी बसू लागल्या, पार अकरा वाजेपर्यंत. माझी वीण विरळ. तिच्यातून ऊन बारीक ठिपक्यांनी त्यांच्या गालांवर सांडायचं. बाई वाकल्या की ठिपके नाकावरून सरकायचे. मला ते दिसत होतं. वाऱ्याबरोबर उडून जावं, असं एकदाही वाटलं नाही. खरं सांगते, मला तिथे बसायला आवडत होतं.

मुलगी आली ती दारातच थबकली. "आई, अगं, गाल पुन्हा काळे कशाने झाले?" मग तिने मला उचलून खिडकीत धरलं. फरशीवर ठिपकेच ठिपके.

"बाबा, जन्मभर प्रकाश शिकवलात आणि आईला चाळण आणून दिलीत?"

"मी... मी हवेचा विचार केला गं."

बाई हसल्या. "पेपरातही अवघडच प्रश्न काढायचे. सोपा यांना कधी सुचलाच नाही." हसताना त्यांनी गालांवर हात ठेवले होते.

डाग फिके होतील, पण तीन-चार महिने लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी आठ दिवसांसाठी आली होती.

सर सुईदोरा घेऊन बसले. गडद, जाड कापडाचं अस्तर, टाके वेडेवाकडे. दर चार टाक्यांनी मला उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटून ठिपका शोधायचे. सुई दोनदा बोटात गेली, तरी शिवत राहिले. 'सर, दोष माझाही आहे,' हे त्यांना कसं सांगणार?

मुलगी निघायच्या दिवशी फाटकापाशी मायलेकींचा फोटो झाला. या वेळी तो सरांनी काढला.

"आई, टोपी काढ ना."

"राहू दे गं. ऊन आहे." बाईंनी मला कपाळावर आणखी खाली ओढलं.

तुम्ही कधी टोपी घ्याल, तेव्हा आधी तिला उजेडाकडे धरून पाहा. आणि कोवळी त्वचा एकट्या टोपीच्या भरवशावर सोडू नका. काही चुरचुरलं, तर डॉक्टरांना विचारा.

तो फोटो आता भिंतीवर आहे आणि त्याच्याखाली खुंटीला मी. फोटोत माझी काडी न् काडी स्पष्ट आलीय. बाईंचा चेहरा माझ्या सावलीत आहे. उन्हाचा एकही ठिपका आत शिरलेला नाही.