विहिरीवरचा नमदा

सकाळपासून वारा पडला नव्हता आणि हांडसुरेनचं कशातच लक्ष लागत नव्हतं. नवरा उंट घेऊन डोंगरापलीकडच्या कुरणात गेलेला. मेंढ्या, घोडे आणि विहीर तिच्यावर टाकून. खारट चहाचा वाडगा अर्धाच ठेवून ती विहिरीकडे निघाली.

लाकडी झाकण बाजूला पडलं होतं. त्यावरचा दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा झुडपात अडकून फडफडत होता. बर्फ चढून विहिरीचं तोंड अरुंद झालेलं. तिनं पोहरा सोडला, तो खाली दगडावर आपटावा तसा वाजला.

विहीर तिची आणि ओढ्यापलीकडच्या सोदनोमची. चाऱ्यावरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. ती तडक त्याच्या तंबूत शिरली.

"झाकण उघडं कुणी टाकलं, सोदनोमदादा?"

"मी नाही. काल नमद्यावर दगड ठेवून आलो."

"मग दगड वाऱ्यानं उडाले वाटतं."

"तुझ्या घोड्यांना विचार. पाण्याचा वास आला की तोंडानं ढकलतात."

टापांचे ठसे तिनं विहिरीपाशी पाहिले होते. "आतलं पाणी गोठलंय," ती म्हणाली.

सोदनोमनं पहार आणि दोर उचलला. विहिरीपाशी येऊन आत डोकावला. "मी यातून मावायचा नाही. तुलाच उतरावं लागेल."

"आणि दोर?"

"मी धरतो. बोलत नाही म्हणून सोडून देईन असं वाटतं?"

"मला आज काहीही वाटतंय."

तिनं कमरेला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरली. कपारीत पाय रोवून पहार मारू लागली. बर्फाचे कण तोंडावर उडत होते. मध्येच दोर सैल पडला आणि तिनं कपार घट्ट धरली.

"दादा!"

"हात बदलतोय. तू मार."

तिनं मारलं. भेगेतून काळं पाणी बुडबुडत वर आलं. त्यानं तिला ओढून काढलं तेव्हा तिचे हातमोजे लाकडासारखे कडक झाले होते. मेंढ्या पाणी पाजायच्या डोणीभोवती आधीच दाटल्या होत्या.

मेंढ्यांचं पाणी झाल्यावर दोघांनी झाकण बसवलं, नमदा दुहेरी घातला, गारठा अडवायला त्यावर सुक्या शेणाचा जाड थर लोटला आणि घोडे येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी झुडपं रचली.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली.

"घेतो. पण चाऱ्याचं मिटलं असं समजू नकोस."

"नाही समजत. बसून बोलू."

चहा पिऊन, बरंच बोलून तो गेला. वारा तसाच होता. अंधार पडेपर्यंत ती तंबूचं दार उघडून विहिरीवरच्या त्या ढिगाऱ्याकडे बघत राहिली.