अकरा फूट आठ

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, घरं मोजणारा. मित्रांनो, माझ्या पट्टीवरचे निम्मे आकडे आता पुसट झालेत. त्याचं मला काही वाटत नाही. मला किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मला एका फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीने घेतलं. सतरा वर्षं मी त्याच्या कमरेला होतो. एक सूत इकडचं तिकडं झालं, तर तो बसवलेली फरशी उखडून काढी. "मिस्त्रींनी मोजलंय ना? मग झालं," असं लोक म्हणत आणि मी डबीतल्या डबीत फुगून जाई.

पुढे त्याचे गुडघे गेले. तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, किती दिवस जमिनीला नाक लावून बसणार? आता घरं घ्यायची नि विकायची. रविवारी चला, गुंतवणूकदारांच्या ओळखी होतील."

हॉटेलच्या हॉलमध्ये थंडगार हवा आणि अत्तराचा दर्प. माणसं हसून हात मिळवत, पण डोळे समोरच्याच्या घड्याळावर. मिस्त्रीच्या खिशात भराभर कार्डं पडली. मंचावर सगळे ज्याला 'सर' म्हणत तो गृहस्थ नवख्यांना शिकवत होता, "चांगलं घर शोधू नका, अडलेला मालक शोधा. आजारपण, घटस्फोट, मयत! जिथे रडारड, तिथे सवलत!"

हॉल खदखदून हसला. माझा मिस्त्रीही हसला. त्याच्या हलणाऱ्या पोटाला चिकटून मी होतो. मला शिसारी आली.

महिन्याभरात सर, मेहुणा आणि मिस्त्री यांनी मिळून घ्यायला एक घर शोधलं. मालकीण निवृत्त परिचारिका. नवरा आतल्या खोलीत खाटेला खिळलेला, उपचारांसाठी घर विकायला काढलेलं. सर म्हणाले, "कागदावरचं माप जुनं आहे, बाई. आमचे मिस्त्री नीट मोजतील." आणि जिन्यातच त्यांनी मिस्त्रीच्या कानात सांगून ठेवलं होतं, "दर खोलीत माप थोडं कमी वाच. पहिला व्यवहार आहे, शिकून घे."

मिस्त्रीला वाकता येईना. बाईंनी ते पाहिलं. "तुमचे गुडघे दुखतायत, द्या ते टोक इकडे, मी धरते," म्हणून त्या स्वतः भिंतीशी खाली बसल्या.

माझ्यावर बारा फूट चार इंच स्वच्छ दिसत होतं. मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "अकरा फूट आठ."

बाईंनी मान डोलावून तेच वहीत लिहिलं. प्रत्येक खोलीत हेच. मित्रांनो, मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो.

माप घटलं तशी किंमतही घटली; घर स्वस्तात मिळालं, चढ्या भावाने विकलंही गेलं. पुढच्या रविवारी सरांनी मिस्त्रीला मंचावर बोलावलं. नवख्यांनी वह्या उघडल्या. मिस्त्री माइकसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "मी एका बाईला तिच्याच घराचं खोटं माप सांगितलं. टोक तिने धरलं होतं."

मला वाटलं, आता कुणाची तरी मान खाली जाईल. पण सरांनीच टाळी वाजवली. "बघा, किती मोकळा माणूस! असं बोललात की लोक विश्वास टाकतात." सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. खाली उतरताच पाच जणांनी त्याच्या हातात कार्डं कोंबली. "मिस्त्री, पुढच्या व्यवहारात आम्हालाही घ्या."

बाहेर येऊन तो गटारीच्या कडेला बसला आणि भडाभडा ओकला.

आपला वाटा घेऊन तो बाईंच्या नव्या भाड्याच्या खोलीवर गेला. दारातच त्याने सगळं सांगितलं. त्यांनी पैसे घेतले, पण "आत या" म्हणाल्या नाहीत.

आता तो बुटक्या स्टुलावर बसून पुन्हा फरशा बसवतो. मेहुणा बोलत नाही. बायको म्हणते, बरंच झालं.

मित्रांनो, मला गंज चढला तर तेलाचा बोळा फिरवा, चालेल मला. पट्टी तुटली तर खुशाल फेकून द्या. एवढंच करा: माझ्यावर जे दिसेल, तेच तोंडाने बोला.