उलट्या बाजूचा फोटो

माझ्या सुनेत खोट काढायची म्हटली तर शोधावी लागते, हे मी आधीच सांगून टाकते. हाताला चव आहे, उलटून बोलत नाही, माझ्या लेकाला तिने माणसात आणलं. पण एका खोडीपायी मी दोन वर्षं तिच्यावर धुसफुसत होते. माझं काम संपतंय न संपतंय तोच ही येणार, हातातला कपडा उचलणार आणि आतल्या खोलीत चालती होणार.

"इस्त्री करून आणते, आई."

आता बोटभर रफूला इस्त्री ती किती लागते? पाणी शिंपडा, वर फडकं टाका, दाबा, झालं. हिला तास लागायचा. कधी दीड. आणि वर दार लोटलेलं. मी तोंडाची काही गरीब नाही. शेजारणीला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, नणंदेला फोनवर सांगून झालं, "आमच्या सूनबाई कपड्याला इस्त्री करत नाहीत, थोपटून झोपवतात." ती ऐकायची. तिने ऐकावं म्हणूनच मी मोठ्याने बोलायचे. ती आपली खाली मान घालून दाराआड.

आमचा धंदा रफूचा. कपड्याला भोक पडलं, कीड लागली, ठिणगी उडाली, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसून काढायचे आणि भोकात असे विणायचे की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. शाळा माझी चौथीत सुटली. पण उभा धागा आणि आडवा धागा मला पेपरासारखा वाचता येतो. सासऱ्यांनी शिकवलं. घरात धड उजेडाची खिडकी एकच आणि तिच्यापाशी खुर्चीही एकच. आधी त्या खुर्चीत सासरे बसायचे, ते गेल्यावर मी. त्या खुर्चीत जो बसेल त्याच्या हाताने हे घर ओळखलं जातं. चाळीस वर्षं ते माझ्या हाताने ओळखलं गेलं.

सुनेलाही मी काम शिकवलं होतं. पण ती डावखुरी. तिची सुई उलटीकडून चालताना पाहिली की मला जिना उलटा चढल्यासारखं व्हायचं. "उलट्या हाताला सुलटं काम द्यायचं नाही," म्हणून मी तिला बटणं, अस्तरं आणि इस्त्री एवढंच ठेवलं.

डोळ्यांचं म्हणाल, तर माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. हल्लीचे दिवे मेले पिवळट, हल्लीचं कापड बुळबुळीत आणि हल्लीच्या सुयांची नेढी बारीक, एवढंच. रोज सकाळी सून वीस-पंचवीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. नको असंही म्हटलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा लॉंड्रीवाला आम्हाला काम देतो. त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा संबंध. एक दिवस तो आला आणि टेबलाच्या कडेवर टेकला.

"काकू, रागावू नका."

"तू असं म्हणालास की रागवायचंच असतं. बोल."

"परवा एका गिऱ्हाइकाने तमाशा केला. म्हणतो, भोक नव्हतंच, तुम्हीच पाडलंत. आता काम घेताना एक फोटो आणि झाल्यावर एक फोटो असं करू. सुलटी बाजू, उलटी बाजू, दोन्ही. हा माझा जुना कॅमेरा ठेवा."

साबणाच्या वडीएवढी चपटी रुपेरी डबी त्याने माझ्या मांडीवर ठेवली.

"म्हणजे चाळीस वर्षं माझ्या शब्दावर चाललं, आणि आता या डबीच्या शब्दावर चालायचं?"

"शब्द तुमचाच, काकू. डबी फक्त साक्षीदार."

"आणि मुळात चांगल्या रफूचा फोटो निघतो कसा? जे दिसू नये म्हणून जीव काढायचा, त्याचा फोटो काढून दाखवायचं काय? काही नाही?"

"तेच दाखवायचं. काही नाही," तो म्हणाला आणि हसला. बापावर गेलाय, शब्दाला शब्द देतो.

त्याने मला शिकवलं ते एवढंच. कोपरं टेबलाला टेकवायची म्हणजे हात हलत नाही. श्वास धरायचा. बटण एकदम दाबायचं नाही. अर्धं दाबून थांबायचं, मागच्या काचेवर हिरवा चौकोन उमटून पिक् वाजलं की मग पुरतं दाबायचं. हे अर्धं दाबणं मला आठ दिवस जमेना. मी जन्मात काही अर्धं दाबलेलं नाही. कणीक असो की माणूस, दाबलं की पुरतं.

सून चहा ठेवायला आली होती, ती हळूच म्हणाली, "सुई कापडाला लागते आणि अजून आत गेलेली नसते ना, आई, तेवढंच दाबायचं."

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं. पण तसंच करून पाहिलं, आणि जमलं. तिला मात्र सांगितलं नाही.

तरी फोटो धुक्यात बुडालेले. विजेचं चित्र बंद केलं तेव्हा कापडावरचा पांढरा झोत गेला, पण धुकं तसंच. कॅमेऱ्यावर अक्षरं परकी होती, चित्रं मात्र माझ्यासारखीसाठीच काढलेली. वीज, घड्याळ, भिंग, केराची टोपली. त्यातच एक डोंगर आणि एक फूल. बघते तर खूण डोंगरावर. फुलाचं चित्र फुलांसाठी असेल, आपल्याला काय करायचंय, म्हणून मी तिकडे फिरकलेच नव्हते. एका दुपारी कंटाळून फूल लावलं, कॅमेरा वीतभर अंतरावर आणला, अर्धं दाबलं, पिक्, आणि माझ्याच पदराचा एकेक धागा काचेवर दोरखंडासारखा उभा राहिला. मग समजलं. डोंगर म्हणजे लांबचं, फूल म्हणजे जवळचं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते त्या कॅमेरा बनवणाऱ्यालाही ठाऊक असावं.

तेव्हापासून प्रत्येक कपडा इस्त्री होऊन आला की मी फूल लावून त्याचा फोटो काढायचे. फोटो निघाला की पुढचा कपडा हातात. काढलेला फोटो परत बघत बसायला वेळ कुणाला?

महिन्याभराने लॉंड्रीवाला एक गडद निळा लोकरी कोट घेऊन आला. गिऱ्हाइकाच्या बापाचा. बाप वारलेला, आणि मुलाला तोच कोट घालून स्वतःच्या लग्नाला उभं राहायचं होतं. छातीवरच कसरीने दोन भोकं पाडलेली, एक मसुरीएवढं, एक नखाएवढं.

"काकू, हे काम तुमच्याच हाताचं पाहिजे. सूनबाईंकडे देऊ नका," तो सून तिथे उभी असताना म्हणाला.

"दिलंय कधी?" मी म्हटलं.

दोन दिवस मी त्या कोटावर होते. अस्तर उसवलं, आतल्या शिवणीतून चौदा धागे उपसले. मोजून चौदा, मी धागा वाया घालवत नाही. नखाएवढं भोक भरून झालं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि खिडकीत उजेड असा होता की वाया जाऊ द्यायला जिवावर आलं. हिची इस्त्री व्हायची तेव्हा होवो, म्हणून मी फूल लावलं, कोपरं टेकवली आणि उलट्या बाजूचा फोटो तिथेच काढून टाकला. मग बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत लागलं. आपला हात अजून आपला आहे, असं मनाशी म्हटलं.

सून आली. "इस्त्री करून आणते, आई."

"आण. उद्यापर्यंत आणलंस तरी चालेल," मी टोमणा मारला.

दीड तासाने कोट आला. अस्तर शिवायच्या आधी मी पुन्हा फोटो काढला, त्याच बाजूचा. आधीचा बरा की आत्ताचा, ते पाहून एक ठेवावा म्हणून काचेवर मागे-पुढे केलं. आणि थांबले.

पुन्हा मागे. पुन्हा पुढे. मग भिंगाचं चित्र दाबून दोन्ही मोठे केले.

पहिल्या फोटोत एखादी बाई अंधारात चालावी तसे धागे गेले होते. एक आडवा धागा दोन उभ्यांवरून उडी मारून गेलेला. मध्ये सुरकुती. कडेला गुंता. ते बोटाला लागलं नव्हतं, पण काचेवर लपायला जागा नव्हती. दुसऱ्या फोटोत एक धागा चुकलेला नव्हता. आणि काम संपल्यावर धाग्याचं जे शेपूट आत दडवतात, ते पहिल्यात डावीकडे होतं, दुसऱ्यात उजवीकडे.

उजव्या हाताने विणणाराचं शेपूट डावीकडे येतं. डावखुऱ्याचं उजवीकडे. हे मला कॅमेऱ्याने नाही, सासऱ्यांनी शिकवलंय.

तरी खात्री करावी म्हणून कोटाची आतली शिवण चाचपली. चौदा धाग्यांची जागा मला माहीत होती. तिच्याशेजारी आणखी तेवढीच जागा मोकळी झाली होती.

मग मी महिन्याभराचे फोटो एकेक करून मागे नेले. करडी पँट, शाल, लाल फ्रॉक, पोलिसाची टोपी. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. माझं एकही काम या घरातून बाहेर गेलंच नव्हतं. माझ्या हातचं म्हणून लोक ज्याची वाहवा करत होते ते दाराआड, माझं उसवून, माझे टोमणे ऐकत, उलट्या हाताने विणलेलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. त्या दुपारी माझ्या घरातलं सगळं अंगण, ते पिवळे दिवे, ते बुळबुळीत कापड, त्या सुया, एकदम सरळ झालं.

खरं सांगते, बोट केराच्या टोपलीवर गेलं होतं. पहिला फोटो टाकून दिला की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सून बोलणार नव्हती. दोन वर्षं बोलली नव्हती ती आता काय बोलते? लॉंड्रीवाल्याला काय कळतंय? खुर्ची माझी ती माझीच राहिली असती. मी ते बटण अर्धं दाबून धरलं होतं. अर्धं दाबायला आता शिकले होते ना.

स्वयंपाकघरातून भांडं विसळल्याचा आवाज येत होता. मला तिचे डोळे आठवले. सकाळी सुया ओवताना, दुपारी माझं उसवताना, संध्याकाळी तेच पुन्हा विणताना. आतल्या खोलीत खिडकी नाही. पिवळ्या दिव्याखाली बसून ती हे करत होती, आणि दिव्यांना शिव्या मी देत होते.

बोट उचललं.

संध्याकाळी लॉंड्रीवाला कोट न्यायला आला. सुनेने अस्तर शिवून ठेवलं होतं. त्याने छातीवर हात फिरवला, खिडकीशी नेऊन तिरका धरला, मग कॅमेऱ्यातला इस्त्रीनंतरचा फोटो बघितला.

"याला म्हणतात हात!" तो म्हणाला. "काकू, पोरगं बापाचा कोट बघून रडणार बघा. हा हात गावात दुसऱ्या कुणाला नाही. काय सूनबाई?"

सून उंबऱ्याशी उभी होती. "आईंचाच हात तो," ती म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही. खोटं बोलायलाही मीच शिकवलं म्हणायचं.

"एक फोटो मागे घे," मी लॉंड्रीवाल्याला म्हटलं.

त्याने घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. "हा कुणाचा? शिकाऊ कुणी ठेवलीय का?"

"तो माझा. आज बाराचा. पुढचा तिचा."

त्याने कोटाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "पण मी तर तुमच्याच हाताचं मागितलं होतं," तो पुटपुटला.

"दोन वर्षं तू माझं मागतोयस आणि हिचं नेतोयस. तक्रार आहे का काही?"

"नाही," तो म्हणाला आणि कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, गरम असल्यासारखा.

सुनेचा चेहरा पांढराफटक झाला होता. "आई, मी... तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... फक्त जिथे धागा सुटलेला असायचा तिथेच..."

"सगळीकडेच सुटलेला असायचा. फोटो मोजलेत मी." मी खुर्चीचे हात धरून उठले. गुडघे वाजले. बसायच्या उशीला माझ्या आकाराचा खळगा पडलेला. तो मी थापटून सारखा केला.

"आता ऐक. माझं काम मला न सांगता उसवलंस, ही एक चोरी. मी गावभर तुझी नालस्ती करत फिरले आणि तू मला फिरू दिलंस, ही दुसरी, आणि ती मोठी. तिला माफी नाही. उद्या सकाळी या खुर्चीत बसायचं, खिडकीकडे तोंड करून, आणि तुझा तो उलटा हात चार लोकांना दिसेल असा चालवायचा. इस्त्री मी करीन. आणि मला इस्त्रीला कितीही वेळ लागो, या घरात कुणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."