कावळ्याची पांढरी किनार

मी एक जुनी दुर्बीण. मित्रांनो, आयुष्याची नऊ वर्षं मी प्लॅस्टिकच्या पिशवीत काढली आणि तिथेच बिघडले.

भीमराव खडकीच्या कारखान्यात होते. पहिल्या बढतीनंतर त्यांनी मला घेतलं. हिवाळ्यात दर रविवारी आम्ही खडकवासल्याच्या काठी पाणलावे बघायला जायचो. लांब चोचीचा हा पक्षी चिखलातल्या गवतात दबून बसतो, पाय पडायच्या बेतात आला की उडतो. ओळखायला दोन क्षण मिळतात. साध्या पाणलाव्याच्या पंखांना मागून पांढरी किनार असते. सुईशेपटी पाणलाव्याला ती नसते, आणि उडताना त्याच्या पायाची बोटं शेपटीबाहेर डोकावतात. बाकी दोघांत फरक करणं अवघडच.

एकदा मी पाण्यात पडले. भीमरावांनी मला पुसलं आणि पुन्हा ओल लागू नये म्हणून दर रविवारी परतल्यावर पिशवीत घट्ट बांधून ठेवायला लागले. ओल आतच राहिली. भिंगांवर हळूहळू बुरशी धरली. "वस्तू जपावी ती तुम्हीच!" असं पाहुणे म्हणायचे, तेव्हा मला फार लाज वाटायची.

त्या नऊ वर्षांत भीमरावांच्या पक्ष्यांच्या नोंदवहीत सुईशेपटीची एकही नोंद नाही. "तो आता आपल्याकडे येत नाही," असं ते ठामपणे सांगत. ही वही पक्षिमित्रांच्या पुस्तकासाठी द्यायची होती. ती देण्याच्या आदल्या रविवारी त्यांची मुलगी पूर्वा नवा कॅमेरा घेऊन सोबत आली. पाणलावा उडाला. भीमरावांनी तो माझ्यातून पाहिला, पूर्वानं कॅमेऱ्यात टिपला.

"साधा," भीमराव म्हणाले.

"बाबा, फोटोत किनार नाहीये. बोटं बघा, बाहेर आलीत."

"अगं, मला स्वच्छ दिसली किनार!"

पूर्वानं मला डोळ्याला लावलं आणि तारेवरच्या कावळ्याकडे वळवलं. "बाबा, कावळ्यालाही पांढरी किनार आहे."

भीमरावांनीही माझ्यातून कावळा बघितला. मग त्यांनी मोबाइलचा उजेड माझ्या भिंगात टाकला. बुरशीचं सगळं जाळं दिसलं.

वही त्यांनी दिली, पण नऊ वर्षांच्या प्रत्येक पाणलाव्यापुढे 'खात्री नाही' असं लिहून. अख्खा आठवडा गेला त्यात. मी आता खिडकीजवळ उघडी असते. मित्रांनो, वस्तू जपा, पण तिला वारा लागू द्या, अधूनमधून आत डोकावून बघा.

वहीच्या पहिल्या पानावर भीमरावांनी एक ओळ लिहिली आहे: 'दोष दुर्बिणीचा नाही. तिला बांधून मी ठेवलं होतं.'