वाढायच्या चिमट्याची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पण पापड भाजायचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. माझ्या दोन्ही टोकांना दात आहेत, ते लांबलचक इटालियन शेवया उचलता याव्यात म्हणून. १९८३ साली नागपूरच्या सदर भागात एक इटालियन हॉटेल निघाले आणि मी तिथे कामाला लागलो. काम अगदी सोपे होते. टेबलाच्या मधोमध मोठी थाळी यायची आणि मी तिच्या काठावर असायचो. ज्याने त्याने मला उचलावे, आपल्यापुरते घ्यावे आणि गरम गरम खावे.

पण असे कोणी करील तर शपथ! "अगोदर तुमी घ्या", "नाही, अगोदर तुमी" असे करता करता शेवया गार होऊन जायच्या. मग मालक कपाळाला हात लावायचे, की लोकांना आपले खाणे आवडत नाही. अहो, लोकांनी ते गरम खाल्लेच कुठे होते? माझी नुसती चिडचिड व्हायची, पण चिमट्याचे ऐकतो कोण?

एका रविवारी दुपारी तर हद्द झाली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या तीन मैत्रिणी आल्या होत्या. त्यांतल्या सिंधूताई दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होत्या. बारा वर्षे त्यांनी शेकडो कामगारांना वाढले आणि स्वतः रोज उरलेले, गार झालेले खाल्ले. ताईंना एकदा तरी गरम जेवू घालायचे, असे सुमती आणि कौसल्या यांनी ठरवले होते.

थाळी आली. आता ताई बसतील, असे मला वाटले. कसल्या बसतात! त्यांनी उभ्याउभ्याच मला पकडले.

"ताई, तुमी काहून वाढून राहिल्या? बसा न!" सुमती म्हणाली.

"बसते नं वं. तुमचं होऊ दे."

त्यांनी सुमतीला वाढले, कौसल्याला वाढले, पुन्हा सुमतीला वाढले. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंनाही "घ्या न थोडंसं" म्हणाल्या! त्यांची स्वतःची प्लेट मात्र कोरी. मी इतका वैतागलो की काय सांगू. ताई मला ठेवून वेटरकडे पाणी मागायला वळल्या आणि तेवढ्यात कौसल्याने मला उचलून, टमाटरच्या रश्शासकट, आपल्या पर्समध्ये कोंबले.

पर्सची चेन अर्धी उघडी होती, म्हणून पुढचे मला दिसले.

"चिमटा कुठी गेला वं?" म्हणत ताई टेबलाखाली शोधू लागल्या. वर आल्या तेव्हा सुमतीने थाळीच्या तळच्या, अजून वाफाळत असलेल्या शेवयांनी, काट्यांनीच त्यांची प्लेट भरून ठेवली होती.

"तुमी खाल्ल्याबिगर आमी हात लावत नाही," सुमतीने ठणकावले.

ताई बसल्या. पहिला घास घेताच त्यांनी तोंडावर पदर धरला. जीभ पोळली होती. मग त्या हसत सुटल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"पोळलं वं! किती वर्षांनं पोळलं मले!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला खरा आनंद झाला तो त्या दिवशी, पर्समध्ये.

कौसल्या मला परत द्यायला विसरली. महिन्याभराने आठवण झाली, तर हॉटेलला कुलूप लागलेले. तेव्हापासून मी कामठीला तिच्या स्वयंपाकघरात आहे आणि शेवटी पापडच भाजतो आहे. त्याचेही मला काही नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या कौसल्याने मला लपवले, तीच आता रोज मला हातात घेऊन घरादाराला वाढत उभी असते. तिचे ताट कोपऱ्यात गार होते आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. मी वाकलो, काळा पडलो तरी चालेल. पण तुमच्या घरी जी वाढते, तिच्या हातातून मला हिसकावून घ्या, लपवून ठेवा, आणि एकदा तरी तिची जीभ पोळू द्या.