इष्टलिंग उतरलं तेव्हा

लातूरच्या इस्पितळात डॉ. तनुजानं सोनोग्राफीचा प्रोब उमाशंकर अप्पांच्या बरगडीखाली टेकवला आणि तिच्या तोंडून "अरे देवा!" निघून गेलं. यकृताभोवती सगळं काळंभोर दिसत होतं. सुई घालून ओढलं तर सिरिंजमध्ये काळसर रक्त आलं आणि गोठायचं नाव घेईना.

"सकाळपासनं ग्यास झालाय म्हणून सोडा पाजायलोय आमी," लक्ष्मम्मा म्हणाल्या. उदगीरच्या बाजारात नवरा-बायकोचं कापडाचं दुकान. अप्पा कापडाचं ठाण उचलता उचलता खाली बसले, ते उठलेच नाहीत. "कुटं पडलं न्हाईत, मार न्हाई. मग पोटात रगत कसं?"

"यकृतावर गाठ आहे, काकू. ती फुटलीय. आतल्या आत रक्त वाहतंय."

सिटी स्कॅननंही तेच सांगितलं. तनुजाला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिच्या अंगात वीज संचारली होती. गॅस म्हणून आलेला आजार तिनं पाच मिनिटांत ओळखला होता! डॉ. वैजनाथ धावतच आले. पोट फाडायचं नाही, जांघेतून बारीक नळी घालून ती वाहती रक्तवाहिनी आतूनच बुजवायची, असं ठरलं. अडचण एकच होती, रक्ताची. अप्पांचा गट ओ निगेटिव्ह. अख्ख्या लातुरात दोन पिशव्या मिळाल्या. त्याच गटाचा पुतण्या अमरेश उदगीरहून निघाला होता.

"छातीवरची ती पेटी काढा, चित्रात सावली येतेय," वैजनाथ पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

चांदीच्या पेटीत अप्पांचं इष्टलिंग होतं, लिंगायत माणूस जन्मभर अंगावर बाळगतो ते. तनुजानं दोरा सोडला, बाहेर पळत आली, पेटी लक्ष्मम्मांच्या हातात ठेवली आणि तशीच आत पळाली. एक शब्द बोलली नाही बया! जिवंत माणसाच्या अंगावरून लिंग उतरत नसतं, हे नांदेडच्या तिच्या घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

बाहेर हंबरडा फुटला. आत कामाच्या गडबडीत तो कुणाला ऐकू आला नाही.

दुसरी पिशवी अर्ध्यावर आली तेव्हा तनुजानं अमरेशला फोन लावला.

"नळेगावातनं माघारी फिरायलोय की, म्याडम. काका गेले म्हणून फोन आला."

"जिवंत आहेत ते!" तनुजा ओरडली, पण तोवर फोन कटला होता. ती बाहेर धावली. लक्ष्मम्मा फरशीवर बसल्या होत्या, पेटी उराशी धरून.

"काकू, अप्पा जिवंत आहेत! माझं चुकलं. चित्रात सावली येत होती म्हणून काढली मी पेटी."

लक्ष्मम्मांनी तिचा दंड असा धरला की बोटं उमटली.

"जित्ते हाईत? मग त्यास्नी मोकळं कसं ठिवलाव? रोज सकाळी डाव्या तळहातावर घिऊन पूजा करत्यात. त्या हातात द्या की!"

तनुजानं आत येऊन विचारलं.

"हात चित्राबाहेर राहतो ना? मग द्या. लवकर!" वैजनाथ म्हणाले.

अप्पा शुद्धीवर होते. पेटी डाव्या हातात येताच त्यांची बोटं घट्ट मिटली आणि इतका वेळ चाललेली त्यांची चुळबुळ थांबली. बाहेर लक्ष्मम्मा फोनवर ओरडत होत्या, "अमऱ्या, फिरव गाडी! काका जित्ता हाय तुजा!"

वैजनाथांनी नळीतून औषध सोडलं. पडद्यावर पाझरणारा काळा डाग वाढायचा थांबला. "बुजली!" असं तनुजा एवढ्या जोरात ओरडली की नर्सही हसली. पण रक्तदाब अजून ऐंशीच्या वर सरकत नव्हता.

"गाठ गेली का?" तनुजा बाहेर येताच लक्ष्मम्मांनी विचारलं.

"नाही, काकू. ती आहे तिथंच आहे. तिचं पुढं बघायचं. आत्ता वाहणं थांबलंय, पण अजून रक्त लागणार."

पाऊण तासानं एक जीप इस्पितळाच्या दारात येऊन थांबली. रडून डोळे सुजलेली सात-आठ माणसं उतरली. सगळ्यांत पुढं अमरेश होता. नळेगावात घेतलेला झेंडूचा हार घाईघाईत त्याच्या हातातच राहिला होता. काकू समोर दिसताच त्यानं तो पाठीमागं लपवला.

लक्ष्मम्मांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हार तिकडं ठिव," त्या म्हणाल्या, "आन् बाही वर कर."